देवळात, दर रविवारी

आमच्या वस्तीत चर्चला कोणी चर्च म्हणत नाही. देऊळ म्हणतात. देवळाची घंटा झाली, देवळात आज पाळकसाहेब लांबले, पोरगं देवळात झोपलं. जामखेडच्या बाजूला, कोरड्या भागात आमचं गाव. गावाच्या कडेला आमची थोडी ख्रिस्ती घरं आणि मधोमध दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं ते देऊळ. मी शिकायला नगरला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली फिदीफिदी हसल्या. "ख्रिश्चन असून देवळात जातेस?" मी म्हटलं, देव असतो ते देऊळ, तुमचं काय जातंय? माझी जीभ तेव्हापासून अशीच आहे. पण ह्या एका शब्दापायी पुढं माझ्या आईची जी दैना झाली, ती आठवली की ही जीभही टाळूला चिकटते.

मी नगरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. नगर म्हणजे आता कागदावर अहिल्यानगर. एसटीचा कंडक्टर मात्र 'चला नगर, नगर' असंच ओरडतो. कागदावरचं आणि तोंडातलं वेगळं असण्याची आम्हाला लहानपणापासून सवय. शाळेच्या दाखल्यावर आम्ही हिंदू महार आणि देवळात ख्रिस्ती. पणजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले. पोटासाठी झाले म्हणून लोक आजही टोमणे मारतात. झाले असतील! उपाशी माणसाला ज्यानं जेवू घातलं आणि वर शेजारी बसवून वाचायला शिकवलं, त्याचा देव खरा वाटला तर त्यात लाज कसली? पुढं कायदा आला तो असा, की हिंदू, शीख किंवा बौद्ध असाल तर अनुसूचित जातीची सवलत. ख्रिस्ती झालात की गेली. जसं काही पाण्यात बुडवून काढलं की जात विरघळते. आम्हाला विहिरीवरून हाकलणाऱ्यांनी तर कधी विचारलं नाही बाई, की बाप्तिस्मा झालाय का तुमचा म्हणून.

तर दाखल्यावर तेच राहिलं. कोणी मुद्दाम ठेवलं असंही नाही. गुरुजींनी आजोबांच्या नावापुढं जे लिहिलं तेच खाली उतरत आलं.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळक नसतील त्या रविवारी देवळात उपदेश करायचे. ह्या दाखल्याचा विषय निघाला की ते नामानाची गोष्ट काढत. नामान हा अरामच्या राजाचा सेनापती. अंगावर कोड होतं. ते इस्राएलच्या संदेष्ट्याच्या सांगण्यावरून बरं झालं आणि तो त्या देवाचा झाला. पण निघताना त्यानं एक अडचण सांगितली. माझा राजा माझ्या हातावर भार टाकून रिम्मोनाच्या देवळात जातो, तो त्या दैवतापुढं वाकला की मलाही वाकावं लागणार, तेवढ्यापुरती मला माफी असावी. वडील म्हणायचे, त्या काळी राजाचा देव तोच राज्याचा देव. सेनापती वाकला नाही तर तो नुसता अधर्मी ठरत नाही, फितूर ठरतो. धर्म एका खुंटीवर आणि राजकारण दुसऱ्या खुंटीवर, अशा वेगळ्या खुंट्याच तेव्हा नव्हत्या. मग संदेष्टा काय म्हणाला? नुसतं, सुखानं जा. "हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही," असं म्हणून वडील चष्मा पुसत बसायचे.

आईला ही गोष्ट मुळीच आवडायची नाही. ती चौथी शिकलेली, पण शास्त्र तिला तोंडपाठ. तिचे लाडके ते बाबेलचे तीन तरुण. राजानं सोन्याची मूर्ती उभारली, वाका म्हणाला, हे वाकले नाहीत, भट्टीत गेले. "वाकायचं न्हाई म्हंजी न्हाई," आई भाकरी थापता थापता म्हणायची. "तुमचा नामान भित्रा हुता." वडील म्हणायचे, अगं, त्याला घरदार होतं, हाताखाली फौज होती. आई म्हणायची, "मंग त्या पोरांना काय आया नव्हत्या?" आम्ही भावंडं हसायचो. शास्त्रावरून असं भांडण चालणारं घर आमच्या वस्तीत दुसरं नव्हतं.

वडील गेले. धाकटा भाऊ गावातच राहिला, दुधाचा टेम्पो चालवायला लागला. स्वभावानं गरीब, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घेतली. एकदा गावच्या लोकांबरोबर हिवरे बाजार बघून आला आणि पार वेडा झाला. जेवताना पाणी, झोपताना पाणी. आमच्या वस्तीला तेव्हा नळ नव्हता. टँकर यायचा तो वेशीपाशी थांबायचा आणि आमच्या बायका शेवटी उभ्या. तेवढ्यात सरपंचपद एससीला सुटलं. दाखला होता, भाऊ उभा राहिला आणि निवडून आला. गुलालानं माखलेला तो आईच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, तर त्यानं हळूच दार लोटून घेतलं.

ज्याचा माणूस पडला तो गावातला जुना पुढारी. आमच्या वडलांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं तक्रार ठोकली, सरपंच ख्रिश्चन आहे म्हणून. मग जात पडताळणीकडून चौकशीला माणसं येणार, घर बघणार, चालीरीती विचारणार, असा निरोप आला. मी रजा टाकून गावी गेले. भिंतीवरचं प्रभूचं चित्र भावानं आधीच उतरवलं होतं आणि तिथं दूध डेअरीचं कॅलेंडर लावलं होतं. आई त्या कॅलेंडरकडं पाठ करून बसली होती.

"आई, खोटं बोलायचं न्हाई तुला," भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "फकस्त इचारलं, देवळात जाता का, तर जाते म्हन. आपन देऊळच म्हनतो ना?"

आईचा चेहरा खुलला. "मग त्यात खोटं कुठं हाय? देवळात तर जातेच मी."

मला खरं तर हसू आलं. शाब्बास रे पठ्ठ्या, म्हटलं, वडलांचा मुलगा शोभतोस. एका शब्दात दोन घरं बसवलीस.

दोघेजण आले. भली माणसं होती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं. कुळ, सोयरे, लग्नं, सगळं भावाला विचारलं. मग त्यातला वयस्कर होता तो आईकडं वळला. "आजी, तुम्ही देवळात जाता का?"

आई तर वाटच बघत होती. खरं बोलायला मिळालं ह्या आनंदात ती म्हणाली, "जाते की! दर रविवारी. कंदी चुकवलं न्हाई."

त्यांचं पेन थांबलं. भावाच्या तोंडावरचा रंग उतरला. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईला कळलंच नाही काय झालं ते. ती आपली हसऱ्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होती.

मग तो माणूसच म्हणाला, "रविवारी. म्हणजे खंडोबाच्या देवळात का, आजी? खंडोबाचा वार ना?"

तो खरंच तसं समजला की त्यानं आम्हाला हात दिला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आईनं भावाकडं पाहिलं. भाऊ खाली फरशीकडं बघत होता. त्याची मान अशी खाली गेलेली मी वडलांच्या दहनाला, छे, काय बोलतेय मी, वडलांना पुरलं तेव्हाच पाहिली होती. आईनं पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली.

झालं. त्यांनी लिहून घेतलं, चहा घेतला, गेले. पुढं कागद भावाच्या बाजूनं झाला. वस्तीत पेढे वाटले. आईनं पेढा हातात घेतला आणि शेजारच्या पोराला देऊन टाकला.

पुढच्या रविवारी घंटा झाली. आई नेसून, केस विंचरून तयार होती. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच बसली. भावाची बायको म्हणाली, चला की आत्याबाई. आई म्हणाली, तुमी व्हा फुडं. त्या रविवारी ती गेली नाही, त्यानंतरही कधी गेली नाही. जन्मात रविवार न चुकवलेली बाई. उपासनेची गीतं घरात ऐकू यायची तेव्हा ती मागल्या अंगणात जाऊन भांडी घासत बसायची. घासलेलीच भांडी परत घासायची.

मला भावजयीनं फोन केला तशी मी धावत गेले. आईला म्हटलं, अगं, एवढं काय झालंय? सक्तीत माणूस बोलतो. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते ते सगळं मी तिच्यापुढं मांडलं. म्हटलं, पेत्र तर प्रभूचा शिष्य, त्यानं तीनदा प्रभूला ओळखत नाही म्हटलं, दासीच्या भीतीनं म्हटलं, तरी प्रभूनं त्यालाच आपली मेंढरं सोपवली ना?

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी विद्यार्थिनी असते तर गुपचूप बाकावर बसले असते. "पेत्र भायेर जाऊन रडला, बाई. पस्तावला. त्याला वाटलं आपन चुकलो, परत असं करायचं न्हाई. मला तसं वाटत न्हाई. उद्या ती मानसं परत आली अन परत इचारलं, तर मी परत व्हयच म्हनीन. माझं पोरगं हाय ते. मग माझा पस्तावा खोटाच न्हाई का? खोटा पस्तावा घिऊन प्रभूभोजनाच्या भाकरीला, प्याल्याला हात कसा फुडं करू?"

मोठमोठ्या पाळकांचे उपदेश ऐकलेत मी, पण असा पेच कोणी टाकला नव्हता. मी म्हटलं, बाबांचा नामान आठव.

"नामान नुसता वाकला हुता," आई म्हणाली. "त्यानं तोंडानं न्हाई म्हटलं नव्हतं. अन त्या खंडोबालाबी मी फसवलंच की. त्याचं नाव घिऊन खोटं बोलले. दोनी दारं लावून घेतली मी."

माझा संताप संताप झाला. आईवर नाही. मी तशीच तणतणत भावाकडं गेले, तो टेम्पो धूत होता. म्हटलं, राजीनामा दे. आत्ता दे. खुर्ची गेली की तिला परत विचारायला कोणी येणार नाही, मग ती देवळात जाईल. तिला ती भाकर आणि तो प्याला मिळाल्याशिवाय ती मेली, तर तुला झोप लागेल का रे?

त्यानं बादली खाली ठेवली. मग मला वस्तीच्या टोकाला घेऊन गेला. पाइपलाइनचा चर खणलेला होता, निम्म्यात पाइप पडले होते. "आत्ता सोडलं तर हे बुजवून टाकतील, ताई. तुला म्हाईत न्हाई इथलं. पानी येऊ दे वस्तीत, त्याच दिवशी सोडतो. प्रभूची आन." ज्या बायका जन्मभर टँकरच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या, त्यांच्यात माझी आईही होतीच. भावाला खुर्चीची हाव असती तर मी त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या असत्या. तो खरं बोलत होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

पाळकसाहेब समजूतदार, तरुण माणूस. ते प्रभूभोजन घेऊन घरी आले. वस्तीतल्या आजाऱ्यांना असं घरी देतात. आईनं त्यांना खाटेवर बसवलं, आमच्या रीतीनं सलाम केला, चहा केला. आणि भाकरीचा तुकडा त्यांनी पुढं केला तेव्हा हात पदराखाली घेतले. "पाळकसाहेब, सरपंचाच्या घरी असं काही करत जाऊ नका. लोक बघत्यात." पाळकसाहेब बाहेर येऊन मला म्हणाले, ताई, मी ह्याच्यावर पाळकांच्या कॉलेजात काही शिकलो नाही.

पाणी आलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी वस्तीच्या नळाला पाणी आलं. भावानं तोटी आईलाच फिरवायला लावली. बायका टाळ्या पिटत होत्या. आईनं पहिली घागर भरली आणि म्हणाली, ही देवळात नेऊन ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायला. मी नेली. ती नळापाशीच उभी राहिली. आणि भावानं राजीनामा दिला नाही. वरच्या आळीला पाणी जायचं होतं, टाकीचं काम राहिलं होतं. एक काम झालं की दुसरं उभं. राजकारणात माणूस असाच अडकतो. पाप करायला कोणी बसलेलं नसतं, फक्त अजून थोडं काम राहिलेलं असतं.

श्रावणात आईला दम लागायला लागला. मी तिला नगरला आणून दवाखान्यात ठेवलं. तिथली एक नर्स आमच्यातलीच, शेवगावकडची. तिनं आईच्या नावावरून की बोलण्यावरून ओळखलं, कोण जाणे. कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

आईनं डोळे उघडले. ते डोळे कसे भुकेले होते, काय सांगू. तिचे ओठ हललेसुद्धा. मग ती मान वळवून शेजारच्या खाटेकडं बघायला लागली. तिथं एक म्हातारी आणि तिची माणसं बसली होती.

"ती कुठली मानसं?" तिनं मला विचारलं.

"खर्ड्याची म्हणत होती."

खर्डा म्हणजे आमच्याच तालुक्यात. आईनं डोळे मिटून घेतले. "नगं बाई," ती नर्सला म्हणाली. "आमच्यात नसतं तसलं."

अगं आई, आई! मरायला टेकलेली माझी आई, आणि खर्ड्याची माणसं ऐकतील म्हणून प्रार्थना नको म्हणाली. मी तिचे पाय धरून हमसून हमसून रडले. मागं वळले तर दारात भाऊ उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. तो तसाच जिन्याकडं पळाला, पाळकसाहेबांना फोन लावायला. ते गावाहून निघाले, पण वाटेत असतानाच आई गेली.

भाऊ म्हणाला, देवळातूनच न्यायची. घंटा दिली. वडलांच्या शेजारी खड्डा काढला. क्रूस त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं, चावडीवरून गीत म्हणत आईला नेलं. चावडीपाशी एकानं मोबाईल वर धरला. भाऊ थांबला, त्याच्याकडं वळला. "काढ. नीट काढ. तोंड दिसू दे माझं." त्या माणसानं मोबाईल खिशात घातला आणि टोपी काढून आमच्या मागून चालायला लागला.

घरी आलो आणि भाऊ नोटिशीची वाट बघायला लागला. आता येणार, खुर्ची जाणार. मला वाटतं, त्याला ती जायलाच हवी होती. पोस्टमन दिसला की तो उठून उभा राहायचा. पण काहीच आलं नाही. कोणी अर्ज केला नाही, कोणी कुठं बोललं नाही.

मग एक दिवस तो पुढारी भेटायला आला. ज्यानं तक्रार ठोकली होती तोच. खुर्चीवर बसला, डोळे पुसले, खरोखरच पुसले. "बाईंच्या हातचं लई खाल्लंय आमी," म्हणाला. मग मला म्हणाला, "ताई, एक इचारू का? बाई देवळात जायच्या का बंद झाल्या हुत्या? आमच्या घरात बायका सारख्या म्हनायच्या, घंटा हुते अन म्हातारी दिसत न्हाई."

मी म्हटलं, तुमच्या तक्रारीमुळं. दिसली असती तर तुम्ही सोडलं असतं का?

तो खरंच चकित झाला. "काय बोलता! तुमी कोन हायेत हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. मला मास्तरांनी शिकवलं. ती तक्रार इलेक्शनपुरती हुती, ताई. आमचा मानूस पडला, मग काहीतरी करावं लागतं. निकाल लागला, इषय संपला. म्हातारीनं देवळात जाऊ नये असं कोन म्हनंल?"

भाऊ आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. तो दारातच थांबला. "मग मला सांगितलं का न्हाई?" तो म्हणाला.

"तुमी कवा इचारलं, सरपंच?" तो पुढारी म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, तो साधं विचारत होता.

भावानं तांब्या त्याच्या हातात दिला. मग तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला, मोठ्यानं, लहान पोरं रडतात तसा, आई आई करत. पुढाऱ्यानं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात काढायला लावणार होते, पण तसाच राहू दिला. इलेक्शनपुरती. माझ्या आईनं त्या इलेक्शनपुरत्या भांडणात आपला स्वर्ग घालवला, असंच समजून ती गेली, आणि तसं नव्हतं गं, हे सांगायला आता माझ्याकडं तीच उरली नाही.